बकऱ्याने खाल्लेला तुरा



बकरी ईदला आठ दिवस राहिले होते. त्या दिवशी आमच्या घरी बकरा आला. पांढराशुभ्र, कानांवर तपकिरी ठिपके. मुलांनी त्याला ओसरीच्या खांबाला बांधलं, पाला टाकला, पाणी ठेवलं आणि दुपारभर त्याच्याभोवतीच घुटमळत राहिली. असरच्या वेळी मी नमाजला उभी राहिले. सलाम फेरून बाहेर येते तर काय, दोरीची गाठ सुटलेली, बकरा पुढचे दोन पाय स्टुलावर ठेवून उभा आणि तोंडात माझ्या ऑर्किडचा तुरा! तीन वर्षं ज्याची वाट पाहिली, तो तुरा. पाच फुलं उमलली होती, बाकी कळ्या होत्या. तुऱ्याबरोबर वरची चार पानंही गेली.

मी ओरडले. धाकट्याला रडू फुटलं, कारण गाठ त्यानं मारली होती. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, चौकटीत उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह! बेटी, त्या दिवशी तू ती बाटली उघडली नाहीस."

ती बाटली कोणती, हे सांगायचं तर आधी रोपाची गोष्ट सांगायला हवी.

बांडगूळ नव्हे

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या खापरला मोठं वादळ झालं. शेताच्या बांधावरचा जुना आंबा पडला. फांद्या सरपणाला घरी आल्या. त्यातल्या एका फांदीवर चिवट, पट्ट्यांसारख्या पानांचा झुबका होता आणि खाली पांढरट दोरखंडासारखी मुळं लोंबत होती. अब्बा म्हणाले, "बांडगूळ आहे, चुलीत टाक." मी मोबाईलवर फोटो काढून भाचीला पाठवला. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिचा लगेच फोन आला, "खाला, जाळू नका! ही आमरी आहे. व्हॅन्डा टेसेलाटा."

आमरी म्हणजेच ऑर्किड. आपल्याला वाटतं ऑर्किड म्हणजे निकाहच्या स्टेजवर लावतात ती जांभळी फुलं. तीही ऑर्किडच, डेन्ड्रोबियम जातीची. पण आपल्या सातपुड्याच्या रानातही आमऱ्या आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतातल्या १,२५६ जाती नोंदल्या आहेत. बांडगूळ झाडाच्या फांदीत मुळं घुसवून त्याचा रस ओढतं. आमरी झाडाचं काहीच घेत नाही. ती फक्त बसायला जागा मागते. पाऊस, दव, हवा आणि सालीवर साचलेला थोडा कचरा एवढ्यावर तिचं भागतं.

आपल्या घरांना हे कुळ तसं परकंही नाही. युनानी औषधांत हकीम जी सालब मिश्री देतात, ती काही आमऱ्यांचे वाळवलेले कंद असतात. तुर्कस्तानात थंडीच्या दिवसांत दुधात उकळून पितात ते 'सालेप'ही अशाच कंदांच्या पिठाचं. मुलांच्या आइस्क्रीममधला व्हॅनिला हीसुद्धा एका ऑर्किडच्या वेलीची शेंग. त्या वेलीच्या फुलात हातानं परागकण घालण्याची सोपी रीत १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एका गुलाम मुलानं शोधली. एडमंड अल्बियस त्याचं नाव आणि वय होतं अवघं १२ वर्षं. व्हॅनिलाची फुलं आजही बहुतेक त्याच रीतीनं फळवतात.

लाड जास्त, रोप मरायला टेकलं

मी पहिली चूक केली ती प्रेमापोटी. रोप कुंडीत लावलं, माती आणि शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ पाणी. महिन्याभरात मुळं काळी पडून लिबलिबीत झाली. भाची फोनवर वैतागली, "खाला, तिला मातीत पुरलंत होय?"

या आमरीची मुळं हवेत राहायला घडवलेली असतात. मुळावर स्पंजासारखं पांढरट वेष्टण असतं. ते पाणी पटकन शोषतं आणि तितक्याच पटकन सुकायलाही हवं. सारखं ओलं राहिलं की मूळ गुदमरून कुजतं. मग आम्ही कुजलेली मुळं छाटली. कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर तापवून गार करून घेतली, म्हणजे एका रोपाचा रोग दुसऱ्याला जात नाही. रोप लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत बसवलं आणि आधाराला कोळसा व फुटक्या माठाची खापरं घातली. गावाचं नाव खापर, आणि कामाला आली तीही खापरंच!

पाण्याचा हिशेब मूळच सांगतं. मूळ चंदेरी दिसलं तर तहान लागली, हिरवं दिसलं तर पोट भरलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा मी फजरनंतर एकदा आणि जुहरच्या आधी एकदा मुळं हिरवी होईपर्यंत पाणी देते. हिवाळ्यात दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात मुळांकडे बघून. मगरिबनंतर शक्यतो नाही, कारण पानांच्या बेचक्यात रात्रभर पाणी राहिलं की शेंडा कुजतो.

पाणी कोणतं, हेही महत्त्वाचं. आमच्या बोअरच्या पाण्यानं टोपलीवर आणि मुळांवर पांढरे क्षार साचायचे. म्हणून पावसाचं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये धरून ठेवलं. ते संपलं की बोअरचंच देते, पण आठवड्यातून एकदा भरपूर पाणी ओतून क्षार धुऊन काढते. वुजूचं पाणीही घमेल्यात धरता येतं, फक्त त्यात साबण नको. खत म्हणून शेतासाठी मिळणारं विद्राव्य १९:१९:१९, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा पुरतं.

ऊन पूर्वेकडच्या ओसरीचं, वर हिरवी जाळी. पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय, पिवळट पडू लागली तर जास्त होतोय. मे महिन्याच्या उन्हानं एकदा पान भाजलं की तो काळा डाग पुन्हा भरत नाही.

पिठ्या ढेकूण आणि ती बाटली

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी, बकरा यायच्या दोन आठवडे आधी, पानांच्या बगलेतून तुऱ्याचं टोक दिसलं होतंच, ते भरभर वाढलं. आणि त्याच दिवसांत पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. पिठ्या ढेकूण. कपाशी लावणाऱ्या घरात त्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. त्यामागून मुंग्यांची रांग. पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात.

तुरा वाचवायची मला घाई झाली. कोठीत माळ्यावर कपाशीच्या फवारणीतून उरलेली कीटकनाशकाची बाटली होती. मी ती खाली काढली, मगमध्ये पाणी घेतलं. झाकणाला हात घातला तोच अम्मींनी मनगट धरलं.

"ज्या ओसरीत लेकरं जेवतात तिथं हे ओतणार?"

"अम्मी, एकदाच. थोडंसंच आहे."

"थोडं म्हणजे किती, हे ना तुला ठाऊक ना मला."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण त्यांचं खरं होतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ती माणसं उघड्या शेतात होती. आणि मी ते औषध चार भिंतींच्या आत, अंदाजानं, हातमोजेही न घालता वापरायला निघाले होते. शिवाय यातली कित्येक औषधं पानाच्या आत मुरतात. वरून पाणी मारलं तरी धुऊन जात नाहीत, कित्येक दिवस आतच राहतात.

बाटली परत माळ्यावर गेली. मग भाचीनं सांगितलेला उपाय केला. कान साफ करायच्या काडीचा कापूस मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ७० टक्के आयसोप्रोपिल स्पिरिटात बुडवून एकेक पुंजका पुसून काढायचा, चुलीपासून लांब बसून. स्पिरिट घरात नको वाटत असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर सौम्य द्रव साबण चालतो. आधी एकाच पानावर लावून दोन दिवस बघावं, ऊन नसताना लावावं आणि थोड्या वेळानं साध्या पाण्यानं धुवावं. अंडी आणि पिल्लं लपून राहतात, म्हणून दर सात दिवसांनी तीन-चार वेळा हे करावंच लागतं. एकदा करून सोडलं तर मेहनत वाया.

मुंग्यांसाठी आपल्या आजीची युक्ती. जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या, तसं टोपलीचं स्टूल मी चार वाट्यांत उभं केलं. वाट्यांतलं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलते, नाहीतर मुंग्या जायच्या आणि डास यायचे.

पण याच स्टुलामुळे टोपली बकऱ्याच्या तोंडाला लागली, हेही कबूल करायला हवं. आधी ती उंच टांगलेली होती.

आता अम्मींच्या त्या वाक्याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. मी त्या दिवशी फवारलं असतं, तर आठ-दहा दिवसांनी तीच पानं बकऱ्याच्या पोटात गेली असती. त्याच बकऱ्याच्या गळ्यात हात टाकून मुलं बसत होती, त्याला हातानं भरवत होती. आणि त्याचं गोश्त आम्ही किती घरांत वाटणार होतो! त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुलांच्या अब्बांनी घरातली सगळी औषधं शेतातल्या कुलपाच्या पेटीत नेऊन ठेवली. तुमच्याही घरात अशी बाटली असेल तर आजच जागा बदला. औषध त्याच्या मूळ बाटलीतच ठेवा, सरबताच्या बाटलीत कधीही नाही. देव न करो, कुणाच्या पोटात गेलंच तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका. माणूस आणि बाटली दोन्ही घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

मांजर, कोंबड्या आणि बाकीची मंडळी

आमच्या घरी एक मांजर आणि पाच कोंबड्याही आहेत. मांजराला टोपलीतली खापरं उकरायची खोड होती. तिच्यासाठी कोपऱ्यात वाळूचं घमेलं ठेवलं आणि खोड सुटली. व्हॅन्डा, डेन्ड्रोबियम, फॅलेनॉप्सिस ही ऑर्किड्स मांजराला विषारी नाहीत. पान चघळलं तर फार तर एखादी उलटी होईल. लिली मात्र मांजराचा जीव घेते. तिच्या परागानंही मूत्रपिंडं निकामी होतात. कण्हेर बकरी, गाय आणि लहान मूल सगळ्यांनाच घातक. डिफेनबेकियाचं पान मुलानं चावलं तर तोंड सुजतं. रोप आणताना फुलाबरोबर हेही विचारत जा.

कोंबड्यांचा तर मला फायदाच झाला. पावसाळ्यात मुळांची कोवळी टोकं गोगलगायी खातात. मगरिबनंतर धाकटा टॉर्च घेऊन त्या वेचतो आणि सकाळी कोंबड्यांची न्याहारी होते.

एक विनंती. हे वाचून कुणी रानातली आमरी झाडावरून ओरबाडून आणू नका. तिचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात स्वतःची शिदोरी नसते. रानात योग्य ती बुरशी भेटली तरच ते रुजतं. म्हणून एक रोप काढलं की तिथे दुसरं यायला वर्षं लागतात. हौस असेल तर नर्सरीतून डेन्ड्रोबियमचं रोप घ्या. आपल्या हवेत सुरुवातीला तेच सोपं. पडलेल्या झाडावर आमरी दिसली तर मात्र ती चुलीतून जरूर वाचवा.

ईदच्या आदल्या रात्री धाकट्यानं विचारलं, "अम्मी, तू माझ्यावर अजून रागावलीस का?" गाव खापर असलं म्हणून काय झालं, खापर लेकराच्या डोक्यावर फोडायचं नव्हतं. मी त्याला जवळ घेतलं आणि अम्मींनी त्याला सांगितलं की, एखाद्या मुसलमानानं रोप लावलं आणि त्यातलं माणसानं, पाखरानं किंवा जनावरानं खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे सदका होतं. या अर्थाची हदीस सहीह बुखारीत आणि सहीह मुस्लिममध्येही आहे. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "म्हणजे सवाब तुला, आणि फुलं बकऱ्याला?" आम्ही सगळे हसलो.

तुटलेल्या पानांच्या कडांना मी दालचिनीची पूड लावली. मुळांना लावली नाही, ती त्यानं सुकतात. चार-पाच दिवस वरून पाणी पडू दिलं नाही. या जातीला एकच शेंडा असतो, तो गेला की वरची वाढ थांबते. पण बुंधा जिवंत असेल तर बाजूनं कोंब फुटू शकतो. आता पावसाळा सरत आलाय. गेल्या जुम्याला टोपली साफ करताना सर्वांत खालच्या पानाच्या बगलेत तांदळाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब दिसला. माशाअल्लाह! फुलं यायला आणखी दोन-तीन वर्षं तरी लागतील.

टोपली पुन्हा उंच टांगली आहे. पुढच्या ईदचा बकरा परसात, दुहेरी गाठीनं बांधायचा असं ठरलंय. गाठ धाकटाच मारणार आहे, हा त्याचा हट्ट.