कचोरीवाल्याची उधारी

1975 साली महाराष्ट्रात जुन्या अकरावीची अखेरची आणि नव्या दहावीची पहिली, अशा दोन शालान्त परीक्षा एकाच वर्षी झाल्या. त्यांपैकी दहावीच्या एका तुकडीतील सांगलीचे वर्गमित्र पन्नास वर्षांनंतर विश्रामबागेतील एका मित्राच्या घरी जमले. नियम एवढाच होता : प्रत्येकाने आपले आवडते पुस्तक बरोबर आणावे, ते का आवडले ते सांगावे आणि जमल्यास घरची खुशाली कळवावी. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेवर दोन मिनिटांहून अधिक बोलण्यास मनाई होती. हा नियम मात्र कोणीही पाळला नाही.

अपेक्षेप्रमाणे ‘मृत्युंजय’ तिघांनी आणले होते. 1967 साली आलेल्या या कादंबरीने त्या पिढीला वाचनाची गोडी लावली, हे खरेच. एका कापड व्यापाऱ्याने मात्र प्रामाणिकपणे सांगितले, की शाळा सुटल्यापासून आपण रोजमेळ आणि खतावणी यांखेरीज काही वाचलेले नाही; मुलगा संगणकावर हिशेब ठेवू लागल्यापासून तेही वाचन थांबले. सर्वजण हसले, तोही हसला.

निवृत्त शिक्षिका असलेल्या वर्गभगिनीने ‘बनगरवाडी’ आणली होती. तिची पहिली नेमणूक जत तालुक्यातील एका वाडीवर झाली होती. व्यंकटेश माडगूळकरांनी आटपाडीकडच्या माणदेशातील धनगरांची वस्ती आणि तेथे आलेला तरुण मास्तर रंगविला आहे. दुष्काळात ती वस्ती ओस पडते. “पुस्तक मी आधी वाचलं होतं, म्हणून पटावरची मुलं एकेक करून कमी होऊ लागली तेव्हा कारण कोणाला विचारावं लागलं नाही,” ती म्हणाली. पती गेल्याचे तिने याच ओघात, आवाज न बदलता सांगितले.

शेवटी उरले हळदीचे एक अडते. गेली पाच वर्षे ते कोणत्याही स्नेहमेळाव्यास आले नव्हते आणि त्याचे कारण सर्वांस ठाऊक होते. हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षे टिकते. 2005 च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि त्यांचा माल गेला. त्यातून ते कसेबसे सावरले. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी गणपती पेठेतील दुकानात आले. या वेळी मात्र पेढी बंद करावी लागली. घर विकून त्यांनी बँक आणि शेतकरी यांची देणी चुकती केली. राहिले होते ते एका वर्गमित्राकडून हातउसने घेतलेले चार लाख रुपये. तो किराण्याचा घाऊक व्यापारी त्याच खोलीत, खिडकीपाशी बसला होता. त्याने एकदाही तगादा लावला नव्हता. कदाचित त्यामुळेच अडत्यांस त्याच्यासमोर येणे अधिक कठीण झाले असावे.

त्यांनी आणलेले पुस्तक कोणाच्या ऐकण्यातले नव्हते : ‘अर्धकथानक’. बनारसीदास हा जौनपुरात 1586 साली जन्मलेला श्रीमाल जैन व्यापारी. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून, पंचावन्नाव्या वर्षी, 1641 साली, त्याने आपली अर्धी कथा पद्यात लिहिली. मुंबईच्या नाथूराम प्रेमींनी ती 1943 साली संपादून प्रसिद्ध केली.

“हा व्यापारात वारंवार बुडाला,” अडते सांगू लागले. “आग्र्यात भांडवल संपलं. तेव्हा रात्री लोकांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ वाचून दाखवायचा आणि एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवायचा. शेवटी त्यानं त्या कचोरीवाल्याला स्वतःच सांगितलं, की माझ्याजवळ काही नाही, उधार देऊ नकोस. तर तो म्हणाला, खात राहा. पुढे दिवस फिरले, तेव्हा यानं हिशेब चुकता केला.”

नऊ अपत्ये गेल्याचेही बनारसीदासाने लपविलेले नाही. ग्रंथाच्या अखेरीस त्याने स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही मांडले आहेत. जमा आणि नावे या दोन्ही बाजू इतक्या उघडपणे मांडणारा ताळेबंद पेढीवरही क्वचितच पाहावयास मिळतो.

“एवढंच,” अडते म्हणाले. “मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मी कोल्हापूरला एका मसाल्याच्या कारखान्यात हळद पारखून देतो. तब्येत बरी आहे.”

क्षणभर कोणी बोलले नाही. मग खिडकीपाशी बसलेला मित्र उठला. “अरे, हे मला दे वाचायला,” तो म्हणाला. “पण परत कधी देणार, ते विचारू नकोस.”

अडत्यांनी पुस्तक पुढे केले. पानांतून एक पाकीट खाली पडले. त्यात पंचवीस हजारांचा धनादेश होता. “पहिला हप्ता,” ते हळूच म्हणाले. असे पैसे परत सारणे म्हणजे माणसाचा मान काढून घेणे, हे घाऊक व्यापाऱ्यास ठाऊक होते. त्याने पाकीट उचलले, आकडा न पाहता खिशात ठेवले आणि पुस्तक काखेत घेतले.

सूर्यास्तास अर्धा तास उरला होता. आतून पाने वाढल्याची हाक आली आणि दोघे शेजारीशेजारी जेवायला बसले.