घाटात तापलेले इंजिन

फेस्ताहून परतणाऱ्या एका जीपगाडीत परवा आम्हीही होतो. केरी मागे पडले, चोर्ला घाटाची चढण लागली, गाडीत माणसे दाटीने बसलेली, आणि अर्ध्या वाटेवर तापमानाचा काटा तांबड्या रेषेवर गेला. बॉनेटमधून वाफ निघू लागली. गाडी चालविणारा तरुण उतरला आणि खांद्यावरचा पंचा हाती घेऊन रेडिएटरचे झाकण उघडावयास धावला. आम्ही त्याचा हात धरला. तो आमच्यावर रागावला, हे खरे. पण त्याचा हात भाजावयाचा राहिला.

त्या झाकणाविषयी वाचकांस आधी सांगितले पाहिजे. ते नुसते पाणी सांडू नये म्हणून बसविलेले नसते. आतील पाण्यावर दाब राहावा, हे त्याचे खरे काम. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे उघड्या भांड्यातले पाणी ९७-९८ अंशांवरच उकळते. बंद रेडिएटरातले पाणी मात्र दाबामुळे १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरविताच दाब जातो आणि तेच पाणी वाफ होऊन तोंडावर उसळते. यास्तव इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबावे. वरची रबरी नळी हाताला कोमट व मऊ लागली, की जाड ओले फडके घेऊन झाकण आधी थोडेच सैल करावे. लालबुंद तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये. बीड त्याने तडकते.

आता रोगाचे मूळ. इंधनातील उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर टाकावा लागतो. ही वाट कोठेतरी अडली, की इंजिन तापते. जीप असो, ट्रॅक्टर असो वा शेतातून धावणारी लहान चारचाकी असो, चिखलात चालणाऱ्या वाहनाच्या बाबतीत प्रथम संशय घ्यावा तो रेडिएटरच्या जाळीचा. चिखल, पाचट, गवताचे बी तिच्यात असे घट्ट बसते की वारा आरपार जातच नाही. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेस सोडावी, आणि तीही हलकी. जोराच्या धारेने जाळीचे पातळ पत्रे मुडपतात. त्यानंतर पाण्याची पातळी, नळ्यांचे पट्टे आणि पंख्याचा पट्टा पाहावा. पंखा विजेवर चालणारा असेल, तर फ्यूजही तपासावा.

थर्मोस्टॅट काढून फेकण्याचा सल्ला पुष्कळ कारागीर देतात. आम्हांस तो मुळीच पटत नाही. त्याने इंजिन नेहमी अर्धवट थंड राहते, इंधन अधिक जाते आणि झीज वाढते. संशय आल्यास तो काढून पातेल्यातील पाण्यात दोरीने लोंबता सोडावा व पाणी तापवावे. उकळी येण्यापूर्वी तो उघडला नाही, तर नवा घालावा.

ऑइल दुधासारखे पांढुरके झाले असेल, किंवा गाडी तापल्यावरही धुराड्यातून पांढरी वाफ येत राहिली, तर मात्र हेडचे गॅस्केट गेले असे समजावे. अशा वेळी पाणी घालघालून गाडी घरी नेण्याचा मोह आवरावा. तसे केल्याने हेडही वाकते, आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

आमच्या जीपच्या जाळीत उसाचे पाचट भरले होते, आणि एका नळीचा पट्टा सैल होऊन पाणी गळत होते. पाऊण तास थांबलो, पट्टा आवळला, पाणी भरले. उरलेली चढण खालच्या गियरमध्ये चढलो. वरच्या गियरमध्ये इंजिन कण्हत ओढते, पंखा व पंप मंद फिरतात, आणि उष्णता अंगी साठते. घरी पोहोचावयास दिवेलागण झाली. दुसऱ्या दिवशी त्या तरुणाने जाळी धुतली, तेव्हा अंगणात घमेलेभर पाचट निघाले.