विश्लेषण : सुश्रुताच्या तसबिरीला हार, विच्छेदनाच्या टेबलासाठी देह कुठून?

धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. खानदेशातील मुले आता घराजवळ डॉक्टर होऊ शकतात. पहिल्याच वर्षी त्यांची गाठ शरीररचनाशास्त्राशी पडते, आणि हा विषय पुस्तकातून पुरता कळत नाही. शस्त्रक्रियेचा आद्य आचार्य म्हणून सुश्रुताचे नाव अभिमानाने घेतले जाते. मात्र, त्याने शिष्यांना घातलेली सर्वांत कठीण अट, म्हणजे मृतदेह स्वतः उघडून पाहण्याची, आपल्याला अजून पचलेली नाही.

सुश्रुताने नेमके काय केले?

सुश्रुताच्या काळाबाबत अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा त्याला काशीच्या दिवोदास धन्वंतरीचा शिष्य मानते. आज हाती असलेली सुश्रुतसंहिता काही शतकांत, अनेक हातांनी घडली. तिच्यात शस्त्रकर्माचे आठ प्रकार आहेत : छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण, विस्रावण आणि सीवन. १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे यांचे वर्णन आहे. रुग्णावर हात टाकण्याआधी सराव सक्तीचा होता. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडीवर. शीर वेधण्याचा मेलेल्या जनावरांच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर. टाके घालण्याचा जाड कापडावर आणि मऊ चामड्यावर. आजच्या ‘सिम्युलेशन लॅब’ची कल्पना याहून फार वेगळी नाही.

मृतदेहाबद्दल काय सांगितले?

शारीरस्थानाच्या पाचव्या अध्यायात त्याची पद्धत दिली आहे. देह सर्व अवयवांसह असावा. मृत्यू विषाने किंवा दीर्घ आजाराने झालेला नसावा. व्यक्ती शंभरीची नसावी. असा देह गवताने गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून, वाहत्या पाण्यात आडबाजूला सात रात्री ठेवायचा. मग वाळा, केस किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत त्वचेपासून आतपर्यंत एकेक भाग डोळ्यांनी पाहायचा. मृतदेहाला शिवणे अपवित्र मानणाऱ्या समाजात ही मोठी धिटाई होती.

या पद्धतीला मर्यादा होत्या. कुजलेल्या देहात नाजूक भाग टिकत नाहीत. संहितेतील हाडांची संख्या ३०० आहे, कारण तिच्यात दात आणि कूर्चाही धरल्या आहेत. आजच्या गणनेत प्रौढ माणसाची हाडे २०६. तरीही ग्रंथात वाचलेले प्रत्यक्ष डोळ्यांनी तपासून घ्यावे, हा आग्रह कायम मोलाचा आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

इंग्रज-टिपू युद्धात, १७९२ च्या सुमारास, इंग्रज फौजेचा कावसजी नावाचा मराठी बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नाक बसवून दिले. मेणाच्या पातळ पत्र्याने माप घेऊन कपाळावरची त्वचा सोडवली आणि ती खाली वळवून शिवली. सुश्रुताची पद्धत गालाच्या त्वचेची होती आणि मापासाठी तो झाडाचे पान वापरे. मूळ युक्ती तीच. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये याची हकिकत छापून आली. जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया यशस्वी केली.

या हकिकतीत रुग्णाचे आणि इंग्रज डॉक्टरांचे नाव आहे, कारागिराचे नाही. इथे हस्तकौशल्य बापाकडून मुलाकडे उतरत राहिले. ग्रंथ जाणणारे मृतदेहापासून दूर गेले. हात आणि ग्रंथ यांची फारकत झाली, तिथेच आपली शल्यविद्या अडली. पुढे १८३६ मध्ये कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती मोठी घटना ठरली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले.

आज देह कुठून येतात?

दोन वाटांनी. राज्यातील १९४९ च्या शरीररचना कायद्यानुसार बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. दुसरी वाट स्वेच्छेने केलेल्या देहदानाची. पहिल्या वाटेत एक नैतिक खोच आहे : ज्याला जिवंतपणी कोणी विचारले नाही, त्याच्याच देहावर सर्वांनी शिकायचे आणि त्याची संमतीही नाही. म्हणून समाजाने दुसरी वाट रुंद करायला हवी.

अडचण कुठे आहे?

इच्छापत्र भरले म्हणजे देहदान झाले, असे नाही. मृत्यूनंतर निर्णय प्रत्यक्षात वारसांच्या हाती असतो. एक मुलगा ‘नाही’ म्हणाला की कागद कपाटातच राहतो. अपघात, आत्महत्या, शवविच्छेदन झालेला देह किंवा गंभीर संसर्ग असल्यास महाविद्यालय देह स्वीकारत नाही. सुश्रुताच्या अटींची आठवण व्हावी, अशीच ही यादी. त्यात खानदेशचा उन्हाळा आणि अंतरे. पारा ४४-४५ अंशांवर असताना रावेर, चोपडा, शिरपूर किंवा साक्रीच्या खेड्यातून देह वेळेत पोहोचवणे दुःखातल्या कुटुंबाला झेपत नाही.

काय करायला हवे?

पहिले, देह नेण्याची जबाबदारी महाविद्यालयाने घ्यावी. रात्री-बेरात्री उचलला जाणारा एक दूरध्वनी आणि एक गाडी एवढे तरी हवे. दुसरे, इच्छापत्र भरतानाच वारसांना समोर बसवावे. तिसरे, कुटुंबाच्या भावनेला जागा द्यावी. अंत्यदर्शन घेऊन देहदान करता येते, वेळेत कळवल्यास नेत्रदानही होते, आणि उत्तरकार्य किंवा गंधमुक्ती थांबवावी लागत नाही, हे गावोगाव सांगायला हवे. चौथे, वैद्यकीय अभ्यासक्रमात मृतदेहाला ‘पहिला शिक्षक’ मानण्याचा पाठ आहे. तो वर्गात उरकून टाकू नये. दात्यांच्या कुटुंबांना वर्षातून एकदा बोलावून विद्यार्थ्यांनी त्यांचे आभार मानावेत.

संगणकावरील त्रिमितीय प्रतिमा उपयोगी आहेत. मात्र प्रत्येक शरीर थोडे वेगळे असते, आणि ते वेगळेपण बोटांना कळावे लागते. ते देहावर कळले नाही, तर रुग्णावर कळते. म्हणून धुळ्या-जळगावच्या विच्छेदनगृहातील प्रश्न शेवटी खानदेशातील प्रत्येक रुग्णाचा आहे. सुश्रुताचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याच्या तसबिरीला हार जरूर घालावा. त्याच दिवशी देहदानाच्या अर्जावर सही करून तो घरच्यांना वाचूनही दाखवावा.