आरोपी आत गेला, पैसे बाहेर कधी येणार?

परवा मावशीचा फोन आला. "बाळा, तुझी पोलिसांत ओळख आहे ना? आपल्या पैशांचं काही कळतंय का बघ की."

काका वाळूजच्या कंपनीतून रिटायर झाले. हातात आले त्यातले साडेसहा लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. एजंट ओळखीचा, व्याज बँकेपेक्षा थोडं जास्त. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आता शटर खाली आहे आणि पावत्या कॅरीबॅगमध्ये गुंडाळून देवघरात ठेवल्यात.

मित्रांनो, वीस वर्षं या शहरात बातमीदारी करतोय. 'मुख्य आरोपी अटकेत', 'मालमत्ता जप्त' अशा हेडलाइन किती दिल्या, मोजदाद नाही. 'ठेवीदारांच्या खात्यात पैसे जमा' ही हेडलाइन मात्र द्यायला मिळत नाही. अटकेनंतर आम्हीही पुढच्या बातमीकडे वळतो. हा दोष आमचाही आहे.

आठवून बघा. 2022 ला 'तीस-तीस' गाजलं, डीएमआयसीत जमीन गेलेल्या शेतकऱ्यांचा मोबदला त्यात अडकला. 2023 ला 'आदर्श' पतसंस्थेत सुमारे दोनशे कोटींच्या घोटाळ्याचा गुन्हा दाखल झाला. 2024 ला शेजारच्या बीडची 'ज्ञानराधा' मल्टीस्टेट. दोषी कोण, हे कोर्ट ठरवेल. पण लोकांचे पैसे अडकले, हे ठरवायला कोर्ट कशाला लागतं?

कायदा नाही असंही नाही. 1999 चा एमपीआयडी कायदा त्यासाठीच आहे. त्यात संस्थेचीच नाही, तर गरज पडली तर संचालकांचीही मालमत्ता जप्त करता येते. सक्षम प्राधिकारी ताबा घेतो आणि विशेष कोर्टाच्या आदेशाने विक्री होऊन पैसे ठेवीदारांना वाटायचे असतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 107 मध्ये तर कोर्टाने वाटपाचा आदेश दिला की जिल्हाधिकाऱ्यांनी 60 दिवसांत गुन्ह्यातला पैसा पीडितांना द्यायचा आहे.

मग घोडं अडतं कुठं? जप्ती आणि लिलाव यांच्या मधे. कुठं प्लॉटवर आधीच कर्ज, कुठं तिसऱ्याचाच हक्क, कुठं हरकत, कुठं अपील. एकाच मालमत्तेवर पोलिसांचा आणि ईडीचा असे दोन शिक्के बसले, तर आणखीच गुंता. तोवर ठेवीदाराचं वय थांबत नाही.

"जास्त व्याजाच्या लोभाला भुलले, भोगा आता," असं म्हणणारेही आहेत. त्यांना एकच विचारतो. बोर्डावर सरकारी नोंदणी क्रमांक होता, दरवर्षी ऑडिट होत होतं. मावशीनं ताळेबंद वाचायचा होता का? बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे तरी तिला कुणी सांगितलं होतं?

माझ्या मागण्या तीनच.

एक, प्रत्येक प्रकरणात किती मालमत्ता जप्त, किती विकली, किती वाटली, याचा तक्ता दर महिन्याला जिल्हाधिकारी कार्यालयात लावा.

दोन, सगळी मालमत्ता विकेपर्यंत थांबू नका. वादात नसलेली आधी विका आणि लहान ठेवीदारांना पहिला हप्ता द्या, अशी विनंती सरकारने कोर्टात करावी.

तीन, म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून घ्यायला तालुक्याला एक टेबल लावा.

आणि ठेवीदारांनो, मूळ पावती कुणाच्याही हातात देऊ नका. झेरॉक्स जोडून सक्षम प्राधिकाऱ्याकडे लेखी दावा करा, त्याची पोच घ्या. टक्केवारीवर पैसे काढून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

मावशीनं फोन ठेवताना विचारलं, "काकांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनपर्यंत येतील का रे?" मी "बघतो" म्हणालो.

हे 'बघतो' आता जिल्हाधिकारी कार्यालयातून तारखेसकट यायला पाहिजे. तुमचे किती वर्षांपासून अडकलेत? खाली लिहा. यादी घेऊन मी स्वतः जाणार आहे.