ओसरीवरचा पंचनामा

महसूल खात्याच्या नोकरींत आम्हीं पुष्कळ पंचनामे लिहिले. गारपिटीचे विसरलों, परंतु शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या ओसरीवर बसून लिहिलेले कागद अद्याप आठवतात. 2006 सालच्या शासननिर्णयान्वयें अशा कुटुंबास एक लक्ष रुपये मदत ठरली. तीस जमीन, नापिकी व कर्जाचा तगादा यांचे दाखले लागत. सबब आम्ही सातबारा पाहत असूं, सोसायटीची बाकी विचारीत असूं. मयत इसमास महिनाभर झोप होती कीं नाहीं, हें विचारण्यास रकाना नव्हता.

एके ठिकाणीं मयताची आई आमच्या मागोमाग अंगणाबाहेर आली व हळूच म्हणाली, "भाऊ, दिवाळीपासून तो भरल्या ताटावरून उठून जात होता. बैलाच्या पाठीवर हातसुद्धां फिरवीत नव्हता. पण हें लिहूं नका, धाकटीचें लगीन व्हायचें आहे." आम्हीं लिहिलें नाहीं. कर्ज लिहिलें, तें खोटें नव्हतें.

भाव व पाणी यांचा प्रश्न डॉक्टरच्या गोळीनें सुटेल, असें म्हणणारांपैकीं आम्ही नव्हे. परंतु 2017 सालीं गुलाबी बोंडअळीनें शिवारेंच्या शिवारें बुडालीं, तेव्हां बाकी पुष्कळांची थकली. त्यांत ज्याची भूक व झोप उडाली, त्यास कोणी आळशी म्हटलें, कोणी बाधा ठरवून देवऋष्याकडे नेलें. बैल वैरणीस तोंड लावीनासा झाला तर आपण त्याच दिवशीं गुरांच्या डॉक्टरास बोलावितों!

कायदा आपल्यापुढें गेला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखालीं होता असें धरावें व त्याची शुश्रूषा व्हावी, असें 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ठरविलें. 2024 च्या जुलैंत नवी न्यायसंहिता आली, तींत जुनें 309 कलम ठेविलेलें नाहीं. तरी सोयरीक मोडेल या भीतीनें आपण रोगी माजघरांत लपवितों.

वाचकांनीं आपल्या भावकींत असा कोणी गप्प झालेला दिसल्यास जवळ बसून स्पष्ट विचारावें, "जिवाचें बरें-वाईट करावें असें मनांत येतें काय?" विचारल्यानें तो विचार मनांत शिरत नाहीं, उलट बोलावयास वाट मिळते. त्यास एकटा न सोडतां सरकारी दवाखान्यांत न्यावें. 14416 या क्रमांकावर 2022 च्या ऑक्टोबरपासून अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, आणि तो मराठींतही. आणि फवारणीचें औषध गोठ्याच्या फळीवर न ठेवतां पेटींत कुलूप लावून ठेवावें. किल्ली दुसऱ्या शहाण्या माणसाच्या कनवटीस असावी.