हजरत युसूफ यांचं स्वप्न आणि सेरेसचा हिशोब

हजरत युसूफ अलैहिस्सलाम यांनी स्वप्नात अकरा तारे, सूर्य आणि चंद्र पाहिले. म्हणजेच सूर्यमालेत अकरा ग्रह आहेत, हे कुरआनने चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय! असा मजकूर मोबाईलवर फिरत असतो. हिशोब असा मांडतात : आठ ग्रह, शिवाय प्लूटो, सेरेस आणि एरिस. झाले अकरा. सुभानल्लाह म्हणा आणि पुढे पाठवा.

मला या हिशोबाचा राग येतो, आणि तो विज्ञानापेक्षा कुरआनासाठी जास्त येतो. सूरह युसूफ ज्यांनी शेवटपर्यंत वाचली आहे त्यांना ठाऊक आहे की स्वप्नाचा अर्थ त्याच सूरहमध्ये दिलेला आहे. आईवडील आणि अकरा भाऊ समोर झुकतात, तेव्हा हजरत युसूफ स्वतःच वडिलांना सांगतात की माझ्या त्या स्वप्नाचा अर्थ हा. पैगंबरांनी सांगितलेला अर्थ बाजूला सारून आपण तिथे प्लूटो बसवणार? आणि हो, त्या अकरांत पृथ्वीही मोजलेली असते, जिच्यावर ते झोपले होते.

आता सेरेसकडे या. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मो शहरात जुझेप्पे पियाझी यांना तो दिसला. पियाझी हे कॅथलिक पाद्री. वेधशाळा राजवाड्याच्या माथ्यावर; हा राजवाडा अरब अमीरांच्या जुन्या महालाच्या जागेवर उभा आहे. ते ग्रह शोधत नव्हते, ताऱ्यांची यादी करत होते. एकेका ताऱ्याची जागा अनेक रात्री पुन्हा पुन्हा मोजायची, असा त्यांचा कडक नियम. म्हणूनच एक ठिपका रोज थोडा सरकतोय हे त्यांच्या लक्षात आलं. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी चोवीस रात्री त्याचे वेध घेतले. मग ते आजारी पडले आणि पुढे ठिपका सूर्याच्या उजेडात गडप झाला.

आकाशात तो जेमतेम तीन अंश सरकलेला. एवढ्यावरून पूर्ण कक्षा काढायची कशी? कुणी वर्तुळ धरून पाहिलं, कुणी अन्वस्त. चोवीस वर्षांच्या कार्ल गाऊसने वर्तुळ धरलं नाही. सूर्य एका नाभीत असलेली लंबवर्तुळाकार कक्षा एवढंच मानून त्याने निरीक्षणांतून नवी रीत रचली. त्याने सांगितलेली जागा इतरांच्या जागांहून बरीच पूर्वेला होती. ३१ डिसेंबरला फॉन झाख यांना सेरेस तिथेच, त्या जागेच्या जवळ, सापडला. दुसऱ्या रात्री ओल्बर्स यांनाही. सूर्यापासून पृथ्वीच्या सुमारे पावणेतीन पट अंतर, एका फेरीला सुमारे ४.६ वर्षं.

गंमत पुढे आहे. पॅलस, जूनो आणि व्हेस्टा सापडल्यावर त्यांनाही ग्रहच म्हणत. १८०७ पासून १८४५ पर्यंत ग्रहांची संख्या बरोबर अकरा होती! आपला मजकूरवाला तेव्हा असता तर त्याने मोठ्या थाटात बयान केलं असतं. मग डिसेंबर १८४५ मध्ये अॅस्ट्रिया सापडला, पुढच्या वर्षी नेपच्यून. झाले तेरा. तेव्हा काय करायचं होतं, आयत बदलायची होती? आजही अकरा जमवायला माकेमाके आणि हाउमेआ लपवावे लागतात. २००८ पासून तेही सेरेस-प्लूटोच्याच रांगेत, बटुग्रह आहेत.

शेजारच्या गल्लीत विमानविद्या पुराणात सापडते, तेव्हा आपण हसतो. मग हे काय आहे?

वारसाच सांगायचा तर अल-सूफींचा सांगा. दहाव्या शतकात त्यांनी टॉलेमीची ताऱ्यांची यादी स्वतः आकाशाशी ताडून दुरुस्त केली. समरकंदच्या उलुग बेगचा सांगा. त्याच्या वेधशाळेत हजारावर ताऱ्यांच्या जागा ठरवल्या. पियाझी तेच काम करत होते, त्याच चिकाटीने. माझ्या वर्गातल्या मुलांना ही नावं माहीत नसतात. अकरा ग्रहांचा मजकूर मात्र तोंडपाठ असतो, कारण तो घरातल्या मोठ्यांनीच पाठवलेला असतो. गणिताचा तास आला की हीच मुलं म्हणतात, सर, हे आपल्याला कशाला?

तेव्हा पुढच्या वेळी कुणी मामू-खालूंनी तो मजकूर पाठवला, तर अदबीने एवढंच विचारा : माकेमाके कुठल्या भावाचा तारा?