विश्लेषण : मनोरा सिंहगडावर, मग मावळच्या खोऱ्यात रेडिओ मुका का?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्याने ते पुण्यात पोहोचवले. आता देशातील बहुतेक जुने ॲनालॉग दूरचित्रवाणी प्रक्षेपक बंद झाले आहेत. घरोघरी छत्र्या आणि हातात मोबाइल आल्यावर मनोरे हवेत कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. मावळात मात्र त्याचे उत्तर वेगळे आहे.

डोंगर आड का येतो?

दूरचित्रवाणी आणि एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. १०१ मेगाहर्ट्झच्या एफएम लहरीची लांबी जेमतेम तीन मीटर. सिंहगड ते लोणावळा हे अंतर सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटर. पण मध्ये पवन मावळातील डोंगररांगा आहेत. त्यामुळे माथ्यावर खणखणीत वाजणारे केंद्र खाली वाडीत खरखरते. आकाशवाणी पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झच्या मध्यम लहरींची लांबी सुमारे ३७९ मीटर आहे. त्या जमिनीलगत सरकतात, डोंगराला वळसा घालतात आणि खोऱ्यात उतरतात.

छत्री आणि मोबाइल पुरेसे नाहीत का?

एरवी पुरतात. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उपग्रहाकडून छत्रीकडे येणाऱ्या केयू बँडच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. म्हणजे बातमीची गरज सर्वाधिक असते तेव्हाच पडदा कोरा होतो. मोबाइलवर थेट इशारे पाठवण्याची यंत्रणा उपयुक्तच आहे. पण वीज गेल्यावर मोबाइलचे मनोरे बॅटरी किंवा जनरेटर असेपर्यंतच चालतात. घाटात दरड कोसळली की डिझेल तरी वर कसे न्यायचे? रेडिओचा प्रक्षेपक मात्र दरडीपासून दूर असतो आणि ऐकणाऱ्याला दोन सेल पुरतात.

धोका काल्पनिक आहे का?

नाही. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या लोंढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्यात इंद्रायणीवरील पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. रेडिओमुळे हे टळले असते, असा दावा कोणी करू नये. मात्र वरच्या खोऱ्यात किती पाऊस झाला, हे खालच्या माणसाला वेळेत कळणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

मग करावे काय?

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये प्रसारण पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी २८ एप्रिलला १०० वॉटचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू झाले. असा एक छोटा प्रक्षेपक लोणावळ्याच्या परिसरातील उंचीवर बसवणे ही काही चैन नव्हे. मोबाइलमधील एफएमची सोय बंद करू नये, असा सल्ला सरकारने उत्पादकांना दिला आहे. पण ऐकू येणारे केंद्रच नसेल तर त्या सोयीचा उपयोग काय? तोवर मध्यम लहरींवरील प्रसारण टिकले पाहिजे.

प्रश्न सांगणाऱ्याचाही आहे. जून २०२३ मध्ये आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला आणि विरोधानंतर त्याला स्थगिती मिळाली. मनोरा आवाज पोहोचवतो; पण पवना, इंद्रायणीच्या काठावर काय घडते आहे, हे जवळचा वार्ताहरच सांगू शकतो. श्रोते कमी झाले, हा हिशेब कोरड्या दिवसांचा आहे. मावळाचा हिशेब पावसाळ्यातल्या एका रात्रीवर व्हायला हवा.